खाजण, शिलोत्र आणि बांध : किनारी शहरांच्या अनुकूलनाचा एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना :

हवामान बदल हा एकविसाव्या शतकातील मानवी समाजासमोरील एक गंभीर प्रश्न आहे. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी सुमारे २० सें.मी.ने वाढली, आणि २००६ ते २०१८ या काळात या वाढीचा वेग वर्षाला ३.७ मि.मी. इतका होता. भारतात या प्रश्नाची चर्चा होते तेव्हा मुंबई, चेन्नई, कोलकाता यांसारखी महानगरे डोळ्यांसमोर येतात. पणजी, अलिबाग, पेण, श्रीवर्धन यांसारख्या लहान शहरांचा उल्लेख एखादे वादळ होऊन गेल्यावरच होतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि काही आठवडे ही नावे वृत्तपत्रांत राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार पणजी महापालिकेच्या हद्दीत सुमारे ४० हजार आणि अलिबाग नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे २० हजार लोक राहत होते. महानगराकडे असलेली अभियंत्यांची फौज आणि आर्थिक बळ या शहरांकडे नाही. समुद्र मात्र तोच आहे.

या बदलास तोंड देण्याच्या प्रयत्नांना आता 'अनुकूलन' ही संज्ञा रूढ झाली आहे. संज्ञा नवी असल्याने कृतीही नवी आहे, असा समज नकळत दृढ होतो. प्रत्यक्षात कोकण आणि गोव्याच्या खाड्यांलगतचा समाज किमान तेरा-चौदा शतके भरतीच्या पाण्याशी जुळवून घेत आलेला आहे. खारे पाणी अडवून मिळविलेल्या जमिनींना गोव्यात 'खाजण' व उत्तर कोकणात 'खार' असे म्हणतात. या जमिनींवर पुष्कळ लिहिले गेले असले तरी ते मुख्यतः कृषी आणि पर्यावरण या अंगांनी. प्रस्तुत लेखात एका वेगळ्या प्रश्नाचा विचार केला आहे : बांध राखण्याची जबाबदारी कोणाची होती, आणि ती पुढे कोठे गेली? त्यासाठी तिसवाडी तालुका व त्यातील पणजी शहर, आणि जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील पेण-अलिबाग हा टापू, असे दोन प्रदेश घेतले आहेत.

बांधाची रचना व कार्य :

बांध म्हटला की समुद्र बाहेर ठेवणारी भिंत, असे चित्र मनात येते. खाजणाचा बांध तसा नव्हता. तो पाणी पूर्णपणे अडवीत नसे, त्याच्या ये-जा करण्याला शिस्त लावीत असे. खाडीच्या काठाने माती, पेंढा, बांबू आणि जांभा दगड वापरून बाहेरचा बांध घालीत व त्याच्या पायथ्याशी लाटांचा मार सोसण्यासाठी तिवरांची झाडे राखीत. या बांधात ठरावीक ठिकाणी लाकडी झडपांचे दार असे. गोव्यात त्याला 'मानस' आणि रायगडात 'उघाडी' म्हणतात. ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उघडे व पावसाचे साचलेले पाणी खाडीत जाई. भरती चढू लागली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने तीच झडप मिटे. दिवसातून दोनदा चालणाऱ्या या क्रियेस मनुष्यबळ लागत नसे. मात्र झडपेत ओंडका अडकला, फळी कुजली किंवा खेकड्यांनी बांध पोखरला, तर ते त्याच दिवशी पाहणारा माणूस लागे.

गोव्यात मानशीच्या आतील बाजूस 'पोंय' नावाचा खोलगट जलाशय असे. त्यात भरतीचे काही पाणी मुद्दाम घेतले जाई व त्याबरोबर आलेले मासे, कोळंबी ओहोटीच्या वेळी मानशीला जाळे लावून पकडीत. पावसाळ्यात भात, पावसाळ्यानंतर मासे आणि काही ठिकाणी मीठ, असे एकाच जमिनीचे तीन उपयोग होत. भाताच्या जातीही खारटपणा सोसणाऱ्या होत्या. गोव्यात कोरगुट व आसगो, तर कुलाब्यात तांबड्या दाण्याचा राता. खाऱ्या जमिनीत लावणीऐवजी मोड आलेले बी चिखलात फेकून पेरीत, कारण पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघाल्यावर पिकाला मिळणारे दिवस मोजके असत.

दोन्ही प्रदेशांतील एक फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. गोव्याच्या खाड्यांत उधाणाच्या भरतीचा चढउतार साधारण दोन मीटरचा, तर धरमतर खाडीच्या परिसरात तो चार मीटरच्याही पुढे जातो. त्यामुळे कुलाब्यातील 'बाहेरकाठा' अधिक उंच व भक्कम लागे आणि त्याला 'खांड' पडली, म्हणजे तो फुटला, तर नुकसानही मोठे होई. एका उधाणात आत आलेले खारे पाणी पुढील दोन-तीन हंगामांचे पीक घालवी. खांड लहान असतानाच, पुढचे उधाण येण्यापूर्वी, म्हणजे सुमारे पंधरा दिवसांच्या आत ती बुजवावी लागे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणारी भांगाची भरती, या दोहोंमधील अवकाशात काम उरकण्याचे ज्ञान हे या व्यवस्थेचे खरे भांडवल होते. म्हणूनच तिचा इतिहास हा मुख्यतः माणसे वेळेवर गोळा करण्याचा इतिहास आहे.

गावकरी आणि तिचे दायित्व :

गोव्यातील खाजण जमिनींचा पुरावा पुष्कळ मागे जातो. बांदोडे येथे सापडलेल्या कोकण मौर्य राजा अनिर्जितवर्मन याच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीचा उल्लेख येतो. अक्षरवाटिकेवरून हा लेख सहाव्या-सातव्या शतकातील मानला जातो. खारे पाणी अडवून शेती करण्याची रीत त्या काळी राजाच्या दानपत्रात नोंदविण्याइतकी प्रस्थापित झाली होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

ही रीत सांभाळणारी संस्था म्हणजे 'गावकरी'. गावच्या मूळ वसाहतकारांचे वंशज मानल्या गेलेल्या कुळांतील पुरुष तिचे सभासद असत. गावची जमीन सामाईक असे. तिची 'पावणी', म्हणजे लिलाव होई. मानशीवरील मासेमारीच्या हक्काचीही पावणी होई. या उत्पन्नातून प्रथम सरकारी सारा व देवस्थानाचा, बांधांचा खर्च निघे आणि मग उरलेले गावकरांत वाटले जाई. हा क्रम महत्त्वाचा आहे. बांध फुटला तर वाटणीस काही उरत नसे, म्हणून बांधाची काळजी हा परोपकार नव्हता. प्रत्येक गावकराचा तो रोख स्वार्थ होता.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी जिंकल्यानंतर ही व्यवस्था मोडली नाही. आफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये तयार केलेल्या सनदेत तिसवाडीतील गावकऱ्यांच्या रूढी लेखबद्ध करण्यात आल्या. त्यामागे ग्रामसंस्थांविषयी आदर होता असे मानण्याचे कारण नाही. सारा वेळेवर यावयाचा तर भात पिकले पाहिजे आणि भात पिकावयाचे तर बांध टिकला पाहिजे, हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते. पुढे गावकरीचे 'कोमुनिदाद' झाले, तिच्यावर सरकारी देखरेख वाढत गेली आणि १५ एप्रिल १९६१ च्या संहितेपर्यंत तिचे नियम पुन्हा पुन्हा लिहिले गेले. त्यानंतर आठ महिन्यांनी पोर्तुगीज सत्ता संपली.

या संस्थेचे गुणगान करणाऱ्या लेखनात एक गोष्ट सहसा गाळली जाते. बांधावर चिखल वाहणारे हात गावकरांचेच होते असे नाही. कुळे आणि मुंडकार यांना बैठकीत मत नव्हते व वाटणीत हिस्सा नव्हता. स्त्रियांना सभासदत्व नव्हते. सामूहिक व्यवस्थापनाचा आदर्श म्हणून खाजणांकडे पाहताना हा समूह कोणाचा होता, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाही.

शिलोत्र व चरीचा संप :

कुलाब्यात हेच दायित्व वेगळ्या रूपात दिसते. तेथे खाडीकडून मिळविलेल्या जमिनीच्या धारणापद्धतीस 'शिलोत्री' असे नाव होते. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुलाबा गॅझेटियरमध्ये तिचे वर्णन आढळते. खार बांधून काढणाऱ्यास, म्हणजे शिलोत्रदारास, कसणाऱ्यांकडून भाताच्या रूपाने ठरावीक हिस्सा मिळे व त्या बदल्यात बाहेरकाठ्याची दुरुस्ती ही त्याची जबाबदारी असे. आतील लहान बांध कसणाऱ्याने राखावयाचे. येथे गावाऐवजी एक व्यक्ती उत्तरदायी होती. परंतु हक्क आणि कर्तव्य एकाच गाठीत बांधलेले होते, हे साम्य स्पष्ट आहे.

ब्रिटिश अमदानीत ही गाठ सैल झाली. खोत, सावकार आणि शिलोत्रदार यांचा हिस्सा कायम राहिला किंवा वाढला. दुरुस्तीचे काम मात्र उत्तरोत्तर कुळांच्या अंगावर पडत गेले. खारेपाटातील शेतकऱ्याला बांधावर वेठीसारखे राबावे लागे, शेती करावी लागे आणि पिकाचा मोठा भाग खोताच्या घरी पोचवावा लागे. या पार्श्वभूमीवर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी येथे शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. तो १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांनी जमीन कसण्यास नकार दिला, उपासमार सोसली, जंगलातील लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्यास पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले.

चरीच्या संपाचा अभ्यास शेतकरी चळवळीचा एक अध्याय म्हणून झाला आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि हवामान-अनुकूलनाच्या इतिहासातही त्याला स्थान मिळावयास हवे. समुद्रापासून संरक्षण देणारी व्यवस्था अन्यायावर उभी असेल, तर तिच्या आत राहणारी माणसेच एक दिवस ती नाकारतात, हे चरीने दाखवून दिले. बांध टिकण्यासाठी माती जितकी चांगली लागते तितकाच पिकाचा वाटाही न्याय्य लागतो.

सुधारणा आणि सुटलेला धागा :

स्वातंत्र्यानंतर दोन्ही प्रदेशांत जमीनधारणेचे कायदे बदलले. मुंबई राज्यात १९४८ चा खार जमिनी अधिनियम झाला, १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली आणि पुढे १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम आला. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा झाला व १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली. या सुधारणा आवश्यक होत्या, किंबहुना त्यांना उशीरच झाला होता. प्रश्न त्यांच्या न्याय्यतेचा नाही. जमिनीचा हक्क कोणाकडे जावा याचे स्पष्ट उत्तर कायद्याने दिले. त्या हक्काला चिकटलेले बांधाचे काम कोणाकडे जावे, याचे उत्तर तितके स्पष्ट नव्हते.

गोव्यात त्याची दखल घेतली गेली नाही असे नाही. १९७५ च्या नियमांनुसार खाजणांतील कुळांच्या संघटना स्थापन करण्यात आल्या. बांधांची संयुक्त जबाबदारी त्यांच्यावर सोपविली गेली आणि देखरेख मामलेदाराकडे आली. कागदावर ही रचना निर्दोष आहे. परंतु मानशीवरील मासेमारीचा लिलावही याच संघटनांच्या हाती आला, आणि १९८० नंतर कोळंबीचे भाव चढत गेले तसे भातापेक्षा मानस अधिक मोलाची झाली. भाताला गोडे पाणी हवे, मासळीला खारे. लिलाव घेणाऱ्याने खारे पाणी अधिक काळ आत ठेवणे, प्रसंगी बांधाकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष होणे, असे प्रकार गोव्यातील अभ्यासकांनी नोंदविले आहेत. त्यात मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जेसच्या लाटांची भर पडली. त्यांचा मारा बांधांच्या पायथ्याशी बसत राहिला. जुन्या पद्धतीत लिलावाचे उत्पन्न आणि बांधाचा खर्च एकाच वहीत असे. नव्या पद्धतीत उत्पन्न संघटनेकडे आणि मोठ्या दुरुस्तीची मागणी कृषी खात्याकडे, अशी विभागणी रूढ झाली.

महाराष्ट्रात बांधांच्या शासकीय योजना व खाजगी योजना असे दोन वर्ग पडले. शासकीय योजनांचे काम अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा या मार्गाने चालते. या मार्गाला लागणारा काळ महिन्यांत, क्वचित वर्षांत मोजावा लागतो. खांडीचा काळ पंधरवड्याचा असतो, हे वर आलेच आहे. यात कोण्या अधिकाऱ्याचा दोष काढण्याचे कारण नाही. दोन कालगणनांचा मेळ बसत नाही, एवढेच म्हणता येईल.

खाजणावरील शहर :

आतापर्यंतचे विवेचन शेतीविषयी झाले. परंतु किनाऱ्यावरील लहान शहरे याच जमिनींवर किंवा त्यांच्या कडेला वाढली आहेत आणि त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न येथूनच सुरू होतो. पणजी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पणजी या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती 'कधीही पूर न येणारी भूमी' अशी सांगितली जाते. ती सांगणाऱ्याने मळ्यातील रहिवाशांची भेट घेतलेली नसावी. इ.स. ११०७ च्या कदंबकालीन लेखात या स्थळाचे नाव 'पहाजनी खळी' असे येते, आणि 'खळी' म्हणजे आत शिरलेली खाडी, हा अर्थ भूगोलाशी अधिक जुळतो. मांडवीच्या मुखाशी असलेली ही वस्ती टेकडी, वाळूचे उंचवटे आणि दलदल यांच्यामध्ये विखुरलेली होती. सतराव्या शतकात, कोंद द लिन्यारिस हा व्हाइसरॉय असताना, पणजी व रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन कि.मी. लांबीचा दगडी मार्ग १६३३-३४ च्या सुमारास बांधला गेला. खाजणे आणि मिठागरे यांवरून जाणाऱ्या या मार्गाला कमानी ठेवल्या होत्या, त्यामुळे भरतीचे पाणी आरपार जाऊ शके. रस्ता बांधताना पाण्याची वाट बुजवू नये, हे त्या बांधकामात पाळलेले दिसते.

जुन्या गोव्यातील रोगराईमुळे १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीस हलविले. दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो याच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३० च्या आगेमागे, वाळूचे उंचवटे सपाट करून दलदली भरण्यात आल्या व आखीव रस्ते काढले गेले. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. अशा रीतीने पाण्याच्या जागेवर शहर उभे राहिले, तरी पाण्याच्या दोन वाटा शिल्लक राहिल्या : पूर्वेस फोंताइनास व मळा यांच्याजवळून जाणारी रुआ द ओरेमची खाडी आणि पश्चिमेस सांत इनेजचा नाला. पूर्वी सभोवतालची खाजणे पावसाचे पाणी काही तास पोटात घेत आणि ओहोटीबरोबर सोडून देत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भराव घालून बांधकामे वाढली, तसा हा साठा आक्रसत गेला. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की मळा आणि अठरा जून मार्ग पाण्याखाली जातात. समुद्रपातळी काही सेंटिमीटरने वाढणे याचा पणजीतील व्यावहारिक अर्थ असा की, मानशीची झडप उघडी राहण्याचा काळ दर ओहोटीस काही मिनिटांनी घटतो. पाणी बाहेर पडण्यास तेवढाच कमी वेळ मिळतो. लाट भिंतीवरून उसळून आत येण्याचे दृश्य नाट्यपूर्ण असते. पण लहान शहराला आधी जाणवते ती ही मिनिटांची घट.

या ठिकाणी प्रशासकीय विभागणीचा मुद्दा निर्णायक ठरतो. शहरातील गटारे व रस्ते महापालिकेकडे आहेत. शहराबाहेरचे खाजण बांध कूळ संघटना आणि कृषी खाते यांच्याकडे. खाडीचा काठ किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखाली येतो. महाराष्ट्रातही चित्र फारसे निराळे नाही; खारभूमीचे बांध जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत आणि नगरपालिका नगरविकास विभागाच्या. बांध किती उंच व किती खर्चाचा असावा, हे त्याच्या आड येणाऱ्या शेतीच्या क्षेत्रावरून ठरते. त्याच बांधाच्या आड घरे, शाळा आणि बाजार उभे राहिले असतील, तर त्यांची गणना या हिशेबात होत नाही. कायद्याच्या दृष्टीने बांध शेतीचा आहे. त्याच्या आश्रयाला मात्र शहर आले आहे.

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यातील खाजणांना स्वतंत्र स्थान मिळाले. त्यांचे नकाशे करावेत, त्यांच्यासाठी व्यवस्थापन आराखडा तयार करावा, तेथील तिवरांना संरक्षण द्यावे व बांधकामांस परवानगी देऊ नये, असे त्यात म्हटले होते. खाजणांची पर्यावरणीय योग्यता त्यामुळे मान्य झाली. मानशीची कुजलेली फळी कोणी बदलावयाची, हा प्रश्न मात्र अधिसूचनेच्या भाषेत बसणारा नव्हता.

तिवरांचा पेच :

रायगडातील परिस्थिती याहून अवघड आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात ज्या बांधांच्या खांडी वर्षानुवर्षे बुजविल्या गेल्या नाहीत, तेथे शेतांत भरतीचे पाणी नित्य खेळू लागले आणि त्याबरोबर तिवरांची झाडे आली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने व २०१८ मध्ये अंतिम निर्णयाने तिवरांना व्यापक संरक्षण दिले आहे. किनाऱ्याच्या रक्षणासाठी ते हितावह आहे, यात शंका नाही. तथापि दुर्लक्षामुळे बुडालेल्या शेतात उगवलेली तिवरे आणि खाडीकाठची मूळची तिवरे यांत कायदा भेद करीत नाही. शेतकऱ्याने आता बांध दुरुस्त करावयाचे म्हटले, तर आत येणारे खारे पाणी बंद होऊन तिवरे मरणार. म्हणून परवानगीची वाट पाहावी लागते.

पूर्वी तिवर बांधाच्या बाहेर उभे राहून त्याचे रक्षण करीत असे. आता ते आत आले आहे. ज्या शेतकऱ्यांच्या आजोबांनी चरीच्या संपात सहा वर्षे उपासमार काढून कसणाऱ्याचा हक्क मागितला, त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला आलेली जमीन अशी आहे. सातबाऱ्यावर त्यांचे नाव आहे, शेतात गुडघाभर खारे पाणी आहे, आणि बाहेरकाठ्यावरील खांड दर उधाणाला थोडी थोडी रुंदावत आहे.